बळी

घरात मृत्यू घडला की आपण सांत्वनाला जातो आणि सारा दोष दैवावर टाकून परततो. दुःखिताला धीर द्यावा, हा हेतू त्यामागे असतो व तो चांगलाच आहे. परंतु ज्या दुःखात आपलाही हात असतो, त्याचे काय करावे? अशा दुःखावर रडण्याचा अधिकार तरी आपल्याला उरतो का?

जर्मन चित्रकर्ती केथे कॉल्वित्झ हिच्या वाट्याला हा प्रश्न १९१४ साली आला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा तिचा धाकटा मुलगा पीटर अठरा वर्षांचा होता. सैन्यात जाण्यासाठी त्याला वडिलांची संमती हवी होती. वडील ती देईनात. तेव्हा मुलाच्या वतीने रदबदली केली ती आईनेच. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पीटर बेल्जियमच्या रणभूमीवर मारला गेला.

या दुःखाला रूप देण्यासाठी ती कित्येक वर्षे धडपडली. धातूच्या पत्र्यावरील कोरीव काम व शिळाछाप यांत तिचा हात बसलेला होता. पण हा विषय त्यांत मनासारखा उतरेना. १९२० साली अर्न्स्ट बार्लाख याची काष्ठचित्रे तिने पाहिली आणि ती लाकडाकडे वळली. 'युद्ध' ही तिची सात काष्ठचित्रांची मालिका १९२३ साली प्रसिद्ध झाली.

काष्ठचित्रात पटाशीने जेवढे कोरून काढावे तेवढे कागदावर पांढरे राहते. लाकडाचा जो भाग उरतो त्यावर शाई बसते आणि तो काळा उमटतो. चुकलेली रेघ पुसावी, नको ते रंगाने झाकावे, अशी सोय येथे नाही. एकदा निघालेली ढलपी परत बसत नाही. घडून गेलेल्या कृतीचेही तसेच असते.

मालिकेतील पहिल्या चित्रात एक विवस्त्र आई आपले तान्हे बाळ दोन्ही हातांनी उचलून धरते. चित्राचे नाव 'ओप्फर'. या जर्मन शब्दाचे अर्थ दोन: वाहिलेला बळी आणि हकनाक गेलेला बळी. आपल्या मराठीतही 'बळी देणे' आणि 'बळी जाणे' यांत शब्द तोच आहे. अब्राहामाचा हात अडवायला देवदूत आला होता; या आईपाशी कोणी येत नाही.

काळ्या-पांढऱ्याच्या या चित्रांत माणसांची मात्र दोषी आणि निर्दोष अशी वाटणी नाही. 'आईवडील' या चित्रात दोघे एकमेकांना बिलगून कोसळली आहेत. त्यांचे चेहरेही दिसत नाहीत. संमती मागणारी कोण आणि देणारा कोण, हे तेथे कोणी विचारत नाही. मात्र ते विसरलेही गेलेले नाही.

घराण्याचे नाव, समाजातील प्रतिष्ठा, अशा मोठ्या शब्दांपुढे आपणही आपल्या मुलांना उचलून धरतो. पुढे काही विपरीत घडले की नशिबाला बोल लावतो. त्या वेळी रडण्याचा अधिकार आपल्याला असतोच. पण ते रडणे खरे व्हायचे असेल, तर मूल उचलणारे हात आपले होते, हेही त्या चित्रात दिसले पाहिजे. कॉल्वित्झने ते हात कोरून टाकले नाहीत.