झाडासारखे जगणे



अनुवादाच्या सेवेत एकदा मी एका इंग्रजी शब्दापाशी अडलो. शब्द होता 'व्हेजिटेट'. त्याचे दोन अर्थ : झाडासारखे वाढणे, आणि काहीही न करता आयुष्य घालवणे. तेव्हा मी कोलकात्याला मामांकडे होतो. एस्प्लनेडला ट्रामची वाट पाहताना समोर मैदानातली झाडे दिसत होती. मनात आले, ही झाडे खरेच रिकामी उभी आहेत का?

याच शहरात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १९१७ साली आपली संशोधन संस्था स्थापन केली. त्यांचे 'क्रेस्कोग्राफ' हे यंत्र झाडाची वाढ १०,००० पट मोठी करून दाखवत असे. म्हणजे वाढ चालूच असते. आपल्या डोळ्यांना ती दिसत नाही, इतकेच. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही 'चैतन्य देणे' असा आहे. आळसाचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

आपल्याकडे आळशी माणसाला 'खायला काळ आणि भुईला भार' म्हणतात. झाड तर भुई धरून ठेवते! परीक्षेत नापास होऊन मी चार महिने घरी होतो, तेव्हा एका नातेवाइकांनी मला हेच ऐकवले. फार लागले. पण ते खोटे नव्हते. अभ्यासाच्या नावाखाली मी मोबाइल पाहत असे. त्याच घरात आजी दिवसभर खाटेवर पडून असायची. हातात जपमाळ, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "जेवलास का रे?" बाहेरून आम्ही दोघेही सारखेच रिकामे. आतून मात्र एकाची वाढ चालू होती, दुसऱ्याची थांबली होती.

म्हणून दुसऱ्याला रिकामटेकडा ठरवण्याची घाई करू नये. त्याची वाढ मोजायचे यंत्र आपल्याकडे नाही. स्वतःसाठी मात्र यंत्र लागत नाही. मी कॉमर्सचा विद्यार्थी. एवढे कळते, की आपला खरा ताळेबंद आपल्याला ठाऊक असतो.

शेवटी मी 'नुसते दिवस ढकलणे' असे लिहिले. झाडाला त्यात ओढले नाही. आज झोपण्यापूर्वी आपणही स्वतःला विचारू या : आज माझी वाढ झाली, की एक दिवस ढकलला गेला?