निरोप्याची निष्ठा कोणाशी?

माझ्या ऑफर लेटरवर 'सॉफ्टवेअर इंजिनियर' असं लिहिलेलं आहे. पण गेली दोन वर्षं माझा निम्मा दिवस कोड लिहिण्यात जात नाही, निरोप पोचवण्यात जातो. क्लायंट परदेशात, टीम पुण्यात आणि दोघांच्या मधे कॉलवर मी. त्यांचं म्हणणं इकडे सांगायचं, आमच्या अडचणी तिकडे सांगायच्या. ऐकायला सोपं वाटतं. मागच्या वर्षी या सोप्या कामात मी एक चूक केली आणि तिची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली. त्याबद्दल पुढे सांगते.

त्या चुकीनंतर मी देशादेशांमधल्या निरोप्यांबद्दल, म्हणजे राजदूतांबद्दल वाचायला लागले. भारत आणि चीन यांच्यातल्या दूतांचा इतिहास वाचताना माझा प्रश्न मला नीट दिसला. दोन बाजूंच्या मधे उभ्या असलेल्या माणसाची निष्ठा नेमकी कोणाशी असायला हवी?

आपल्या भाषेत या माणसाला दोन जुने शब्द आहेत. एक 'दूत'. दूत अवध्य असतो, हे बिभीषण रावणाला सांगतो तो प्रसंग लहानपणापासून आपल्याला माहीत आहे. दुसरा शब्द 'वकील'. पेशवाईत दुसऱ्या दरबारात राहणाऱ्या आपल्या प्रतिनिधीला वकीलच म्हणत. दूताने जे सांगितलं गेलं ते तसंच पोचवावं अशी अपेक्षा असते. वकिलाने आपली बाजू लढवावी अशी असते. एकाच माणसाकडून आपण या दोन्ही गोष्टी मागतो.

ऑक्टोबर १९५०. कोरियात युद्ध पेटलेलं आहे. अमेरिकेच्या नेतृत्वाखालचं सैन्य उत्तरेकडे सरकतंय आणि ते ३८वा अक्षांश ओलांडणार का, हा जगापुढचा प्रश्न आहे. चीनच्या नव्या कम्युनिस्ट सरकारशी अमेरिकेचे राजनैतिक संबंध नाहीत. भारताचे आहेत. बीजिंगमध्ये आपले राजदूत आहेत के. एम. पणिक्कर. मूळचे केरळचे, इतिहासकार, आधीच्या चीन सरकारच्या काळातही तिथे राजदूत राहिलेले.

२ ऑक्टोबरच्या मध्यरात्री पणिक्करांना झोपेतून उठवलं गेलं. पंतप्रधान चौ एन-लाय यांनी तातडीने बोलावलं होतं. चौंनी त्यांना सांगितलं, की अमेरिकी सैन्याने ३८वा अक्षांश ओलांडला तर चीन युद्धात उतरेल. दक्षिण कोरियाचं सैन्य ओलांडत असेल तर ती वेगळी गोष्ट, पण अमेरिकी सैन्य नको. निरोप इतका नेमका होता. पणिक्करांनी तो दिल्लीला कळवला आणि तिथून तो लंडन-वॉशिंग्टनपर्यंत पोचला.

तिथे त्यावर विश्वास बसला नाही. चीन नुसती धमकी देतोय असं अनेकांना वाटलं. आणि निरोप आणणारा माणूसही त्यांना पटत नव्हता. पणिक्कर चिनी कम्युनिस्टांच्या बाजूला झुकलेले आहेत असा त्यांचा समज होता. अध्यक्ष ट्रुमन यांनी पुढे आपल्या आठवणींमध्येही तसं लिहिलं. ७ ऑक्टोबरला अमेरिकी सैन्याने ३८वा अक्षांश ओलांडला. १९ ऑक्टोबरला चिनी सैन्य यालू नदी ओलांडून कोरियात शिरलं. युद्धविराम व्हायला २७ जुलै १९५३ उजाडावं लागलं.

निरोप ऐकला असता तर युद्ध तिथेच थांबलं असतं, असा दावा मी करणार नाही. पण निरोप खरा होता, हे सोळा दिवसांत सिद्ध झालं.

हे वाचलं तेव्हा मी मनातल्या मनात पणिक्करांच्या बाजूने उभी राहिले होते. खरं सांगणारा माणूस आणि त्याच्यावर संशय घेणारे लोक. अशा गोष्टीत आपण कोणाच्या बाजूने उभं राहायचं हे ठरलेलं असतं. मग मी पुढचं पान उलटलं.

त्याच ऑक्टोबरात चिनी सैन्य तिबेटमध्ये शिरलं. ७ नोव्हेंबर १९५० रोजी सरदार पटेलांनी नेहरूंना एक सविस्तर पत्र लिहिलं. आपल्या राजदूताने चीनच्या धोरणाचं आणि कृतीचं स्पष्टीकरण किंवा समर्थन शोधण्यासाठी फार कष्ट घेतले, अशी स्पष्ट तक्रार त्या पत्रात आहे. म्हणजे वॉशिंग्टनचा जो आक्षेप होता, जवळपास तोच आता खुद्द आपल्या गृहमंत्र्यांचा होता.

माणूस तोच, शहर तेच, महिनाही तोच. ज्या जवळिकीमुळे चौ एन-लाय यांचा शब्द खरा आहे हे पणिक्करांना कळलं, तीच जवळीक तिबेटच्या बाबतीत त्यांच्यावर आरोप होऊन आली. समोरच्याला समजून घ्यायचं तर जवळ जावं लागतं, आणि फार जवळ गेलं की त्याची कारणं आपल्याला आपलीशी वाटू लागतात. लांबच राहिलेला दूत टपालपेटीइतकाच उपयोगी. यातून सुटायचा सरळ रस्ता मला दिसत नाही.

पण एक फरक मात्र दिसतो. कोरियाच्या वेळी पणिक्करांनी समोरच्याचं म्हणणं कळवलं. तिबेटच्या बाबतीत तक्रार होती ती त्या म्हणण्याला जोडलेल्या समर्थनाची. 'ते असं म्हणाले' आणि 'मला असं वाटतं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दूताला दुसरं वाक्य बोलायचा पूर्ण अधिकार आहे, खरं तर त्यासाठीच त्याला पाठवलेलं असतं. फक्त ती दोन वाक्यं एकात मिसळली, की ऐकणाऱ्याला कुठलं कोणाचं हे कळायला मार्ग राहत नाही.

आता माझी चूक. दिवाळीच्या तोंडावर आमचं एक रिलीज होतं. जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये न्यायचा होता. क्लायंट कॉलवर स्वच्छ म्हणाला, की दोन्हीकडचे आकडे जुळल्याचा रिपोर्ट बघितल्याशिवाय लाइव्ह जायचं नाही. टीम तीन आठवडे रात्री जागत होती. लोकांची गावाला जायची तिकिटं काढलेली होती. मी टीमला सांगितलं, "ते थोडे काळजीत आहेत, जमलं तर रिपोर्ट आधी पाठवू." खोटं असं मी काही बोलले नाही. मी त्यांच्या वाक्यात माझी इच्छा मिसळली. सगळ्यांनी वेळेत घरी जावं, ही इच्छा.

रिपोर्ट झाला नाही. टीममधल्या सगळ्यात ज्युनियर मुलाने ठरल्याप्रमाणे रात्री स्क्रिप्ट चालवली. आकडे जुळले नाहीत. नंतरच्या मीटिंगमध्ये प्रश्न आला, की रिपोर्टशिवाय स्क्रिप्ट कोणी चालवली? नाव त्याचं होतं. त्याला प्रोजेक्टवरून काढलं आणि काही महिने तो बेंचवर बसला. मी त्या मीटिंगमध्ये होते आणि गप्प बसले.

माझी निष्ठा टीमशी होती, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावत होते. पण टीमशी निष्ठा असती तर मी त्यांना पूर्ण वाक्य दिलं असतं. आपल्या माणसांना नकोसं ऐकवणं हीसुद्धा त्यांच्याशी निष्ठाच असते. मी जपला तो माझा चांगुलपणा.

ऐकणाऱ्यांचीही एक जबाबदारी असते. निरोप्या आवडत नाही म्हणून निरोप खोटा ठरत नाही, आणि निरोप्या आपला आहे म्हणून तो खराही ठरत नाही. तो तपासायचा असतो. आणि मधला माणूस नकोसा झाला तरी तिथे कोणीतरी असावं लागतं. १९६१मध्ये आपले राजदूत बीजिंगहून परतले, पुढच्या वर्षी युद्ध झालं आणि १९७६मध्ये के. आर. नारायणन जाईपर्यंत तिथे भारताचा राजदूत नव्हता. पण दूतावास बंद केला नव्हता. म्हणून १ मे १९७० रोजी तिआनानमेनवर माओने जेव्हा भारताच्या प्रतिनिधीपाशी येऊन, असं किती दिवस भांडत राहायचं, अशा अर्थाचं काही म्हटलं, तेव्हा ते ऐकायला ब्रजेश मिश्र तिथे उभे होते. त्यांनी ते दिल्लीला कळवलं. राजदूत जायला आणखी सहा वर्षं लागली, पण ते वाक्य पोचलं होतं.

हल्ली कॉल संपला की मी टीमला दोन भागांत लिहून पाठवते. वर त्यांचे शब्द, खाली माझं मत. मधे एक ओळ रिकामी.

मागच्या महिन्यात त्या मुलाला गाठून मी सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग त्या मीटिंगमध्ये का नाही बोललीस?"

मी भीती वाटली म्हणाले. ते खरं होतं, पण त्याला द्यायला तेवढं पुरेसं नव्हतं.