पिरॅमिड नको, उतार काढ

चि. ताईस,


ग्रामसभेसाठी केलेलं तुझं सादरीकरण नीट पाहिलं. पाण्याचा ताळेबंद मन लावून मांडला आहेस. पण आकृत्यांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण सभेतली बरीच माणसं मजकूर वाचणार नाहीत, आकृतीच बघतील.

'माथा ते पायथा' या स्लाइडवर तू स्मार्टआर्टमधला तयार पिरॅमिड टाकला आहेस. पिरॅमिड दिसला की माणूस त्यात मान शोधतो: टोकावरचा मोठा, तळातला लहान. तुला तर सांगायचं आहे, पाणी वरून खाली कसं येतं आणि ते कुठं अडवायचं. मग उतारच काढ. शेप्समधून एक तिरकी रेघ ओढ. माथ्यावर सलग समतल चर, मधल्या शेतांत बांधबंदिस्ती, खाली नाल्यावर सिमेंट बंधारा आणि बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला विहीर. प्रत्येक कामाजवळ एक बाण जमिनीत उतरू दे. माथ्यावर चर नसले तर माती थेट बंधाऱ्यात येऊन तो गाळानं भरतो, ही गोष्ट त्या एका रेघेवर बोट ठेवून सांगता येते. वरची कामं आधी का, हा वाद निम्मा तिथंच मिटेल.

त्याआधी जिल्ह्याचा साधा नकाशा ठेव आणि त्यावर दोन उलट बाण. काटेपूर्णा नदी उत्तरेकडे पूर्णेला मिळते आणि तिचं पाणी तापीत जातं. पैनगंगेचं पाणी वर्धेतून पुढं गोदावरीच्या खोऱ्यात. तुझं गाव या दोन्हींच्या मधल्या उंचवट्यावर आहे. वरून वाहत येणारं पाणी त्याच्या वाट्याला नाही, पडेल तेवढंच आपलं. बाण पाहिले की हे लोकांना आपोआप पटेल.

आकडे दाखवताना उपलब्ध पाणी आणि गरज असे दोनच स्तंभ शेजारी शेजारी उभे कर. थ्रीडी पाय चार्ट काढून टाक, त्यात पुढची फाक उगाच मोठी दिसते. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. हा हिशेब टँकरच्या चित्रानं दाखव. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या बायकांना तो लगेच कळेल.

आता अनुदानाची स्लाइड. तू तिथं गोल चक्र वापरलंस, पण अर्ज फिरून पहिल्या जागी येत नाही. तो पुढं जातो, नाहीतर अडतो. पोकरा हा शेतीसाठी अनुदान देणारा प्रकल्प आपल्या जिल्ह्यात २०१८ मध्येच आला, तरी तुषार संच आधी विकत घेऊन मग पूर्वसंमती मागायला येणारे शेतकरी आजही भेटतात. म्हणून अर्ज, पूर्वसंमती, खरेदी, मोका तपासणी, खात्यात रक्कम अशी सरळ ओळ काढ आणि पूर्वसंमतीच्या जागी चौकोनाऐवजी शंकरपाळ्याचा आकार ठेव. त्यातून दोन बाण काढ. 'मिळाली' हा खरेदीकडे जाईल, 'नाही मिळाली' हा मागं त्रुटीकडे. बाणांवर ते शब्द लिहायला विसरू नकोस. बिनशब्दांचा बाण ज्याला जसा हवा तसा वाचला जातो. या स्लाइडवर सगळ्यात जास्त वेळ दे. इथं चुकलं तर माणसाचे पैसे बुडतात.

बाण जोडताना साधी रेघ नको, कनेक्टर घे आणि त्याचं टोक चौकोनाच्या कडेवरच्या ठिपक्याला चिकटव. मग चौकोन हलवला तरी बाण सोबत येतो. स्मार्टआर्टमध्ये मजकूर वाढवत गेलं की अक्षर बारीक होत जातं, मागच्या रांगेला काहीच दिसत नाही. चौकोनात तीन-चार शब्द पुरेत. फॉण्ट युनिकोडच ठेव, मंगल किंवा निर्मला. जुन्या फॉण्टमधली अक्षरं पंचायतीच्या संगणकावर भलतीच दिसतील. झेरॉक्स काळीपांढरी निघणार, त्यात लाल-हिरवा दोन्ही करडेच होतात. म्हणून झालेलं काम भरीव रंगात आणि राहिलेलं तुटक रेघेत दाखव.

शिवार फेरीनंतर बायकांनी रांगोळीनं गावाचा नकाशा काढला होता, त्याचा फोटो तुझ्याकडे असेलच. त्यांनी नाला जिथं वळवला, तिथंच तुझ्या स्लाइडवर वळव. आणि सभेच्या आदल्या दिवशी त्यांच्यापैकी एकीला आकृती दाखवून, तू काही न बोलता, तिलाच सांगायला लाव. ती जिथं अडखळेल तिथला बाण बदल, तिला समजावत बसू नकोस.

तुझा,
काका