सहा फुटांची भिंत

शिकागोच्या लूप भागात, जॅक्सन बुलेव्हार्ड आणि डिअरबॉर्न स्ट्रीटच्या कोपऱ्यावर मोनॅडनॉक बिल्डिंग आहे. सोळा मजली, तपकिरी विटांची. तळाशी तिची भिंत सहा फूट जाड आहे. वरच्या मजल्यांचा भार विटांनीच पेलायचा म्हटल्यावर दुसरा इलाज नव्हता. त्या भागात नोकरी करत होतो तेव्हा डबा खाऊन झाला की मी इकडे वळायचो. शेजारच्या काचेच्या टॉवरांत पाऊल टाकलं की सिक्युरिटीवाला ओळखपत्र मागतो; इथे तळमजल्याच्या बोळातून सरळ आरपार जाता येतं. दोन्ही बाजूंना छोटी दुकानं, त्यांत एक टोप्या करणारा, एक न्हावी. वर जाणारा जिना अॅल्युमिनियमचा. आपल्या जर्मनच्या पातेल्यांचा हाच धातू, पण 1891 साली त्याचा जिना करणं म्हणजे चैन होती.

चैन एवढीच. बाकी मालक, बोस्टनचे ब्रुक्स बंधू, पै-पैचा हिशेब करणारे. नक्षी बाहेर काढली की त्यावर धूळ बसते आणि कबुतरं बसतात, असं त्यांचं म्हणणं. आर्किटेक्ट जॉन रूटने मग नक्षीचा नाद सोडला आणि भिंतीलाच वळण दिलं. ती पायथ्याशी किंचित पसरते, वर जाताना आत येते आणि माथ्याशी पुन्हा बाहेर झुकते. चिकटवलेली एक वेलबुट्टी नाही, तरी नजर ठरते. इमारत पुरी व्हायच्या आधीच, जानेवारी 1891 मध्ये, रूट गेला. वय अवघं 41.

खरं तर ही इमारत जन्मतःच जुनाट होती. होम इन्शुरन्स बिल्डिंगने 1885 मध्येच भिंतीचं ओझं लोखंडी सांगाड्यावर टाकलं होतं. (मुंबईच्या वॉटसन हॉटेलात बिडाचा सांगाडा त्याहीआधी उभा होता, त्याची आजची दशा पाहवत नाही.) मोनॅडनॉकचा दक्षिणेकडचा अर्धा भाग 1893 मध्ये झाला तो पोलादी सांगाड्यावरच. भिंती बारीक, भाड्याने द्यायला जागा जास्त. शिवाय शिकागोची जमीन चिकणमातीची. उत्तरेकडची इमारत आठेक इंच खचेल असा अंदाज धरलेला होता, ती त्याहून बरीच खाली बसली.

पण काळाच्या पुढे असलेली होम इन्शुरन्स 1931 मध्ये पाडली गेली. आर्किटेक्ट सलिव्हनची देखणी स्टॉक एक्स्चेंज बिल्डिंग 1972 मध्ये गेली; पाडकाम चालू असताना तिची नक्षी वाचवायला आत शिरलेला फोटोग्राफर रिचर्ड निकेल तिथेच ढिगाऱ्याखाली मेला. काचेच्या मोठमोठ्या खिडक्यांची रिलायन्स बिल्डिंग वाचली, पण हॉटेल होऊन. मोनॅडनॉक मात्र अजून ऑफिसंच भाड्याने देते. 1979 नंतर मालकांनी टप्प्याटप्प्याने तिला मूळ रूप दिलं, त्याचं श्रेय आहेच. पण माझ्या मते तिला तारलं ते तिच्या अरुंदपणाने. त्या काळी दिव्यांचा भरवसा नव्हता, उजेड खिडकीतूनच यायचा. म्हणून खोल्या लहान ठेवल्या आणि प्रत्येकीला खिडकी दिली. एकट्यादुकट्या वकिलाला एवढीच जागा लागते.

कोविडनंतर जवळच्या लासाल स्ट्रीटवर ऑफिसं ओस पडली, आणि तिथल्या इमारतींत घरं करायला शहर 2022 पासून पैसा पुरवायला निघालं आहे. सगळ्यात अवघड जातात त्या ट्यूबलाइट आणि एसीच्या भरवशावर बांधलेल्या अघळपघळ इमारती. त्यांच्या मजल्याच्या मध्यावर दिवसाउजेडी अंधार, तिथे बेडरूम काढणार कशी? मग मजले कापून मध्ये उजेडासाठी पोकळी करायची, हा एक खर्चिक मार्ग उरतो. त्याच रस्त्यावरच्या रूकरी इमारतीत वाड्याच्या चौकासारखी ती पोकळी 1888 पासून आहे.