किती जातं, हे कुणी विचारलंय?

2018 मध्ये महाराष्ट्र सरकारची अस्मिता योजना आली. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत मिळू लागलं. फार गरजेचं काम होतं ते. पण पॅड हाती पडल्यावर पाळीविषयीचं आपलं बोलणं तिथेच थांबतं. किती दिवस जातं, किती जातं, दुखतं का, हे मुलीला विचारायचं राहूनच जातं.

सकाळच्या डहाणू लोकलने बोईसरला उतरून तारापूर एमआयडीसीत पॅकिंगला उभ्या राहणाऱ्या बायका बघा. मोखाडा-जव्हारकडून दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या बघा. "फार जातंय गं," असं एखादी म्हणाली की घरातली मोठी बाईच सांगते, "बायकांचं असंच असतं." हे सांगणाऱ्या माउलीनेही आयुष्यभर तेच सोसलेलं असतं. म्हणून तिच्यावर राग धरवत नाही, पण तिचं म्हणणं खरं नाही.

मोठ्या बाईची पाळी साधारण 21 ते 35 दिवसांनी येते. नुकत्याच वयात आलेल्या मुलीची 45 दिवसांपर्यंतही लांबते. रक्त सात दिवसांच्या आत थांबायला हवं. तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, दुखण्याने शाळा किंवा खाडे न परवडणारं काम बुडत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. दर महिन्याला असं रक्त गेलं की शरीरातलं लोह आटतं, जिना चढताना धाप लागते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. पालघरच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलही आहे. तिथे प्रत्येक अशक्तपणावर लोहाची गोळी हे उत्तर नव्हे. आधी रक्त तपासायला हवं.

दवाखान्यातला पहिला प्रश्न असतो, "शेवटची पाळी कधी आली?" कितीतरी जणी तिथेच अडखळतात. दुधाचा खाडा आणि सिलिंडर लागल्याची तारीख कॅलेंडरवर ठळक लिहिणाऱ्या घरात पाळीची तारीख मात्र कोपऱ्यातल्या बारीक टिंबात दडवलेली असते. ती उघड लिहावी. भावाने वाचली तर वाचू दे, त्यालाही कळायला हवं.

दुखणं अंगावर काढण्याचा शेवट कुठे होतो, ते बीडने दाखवलंय. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2019 मध्ये तिथल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. यांतल्या अनेकींची मूळ तक्रार अंगावरून जाण्याची, ओटीपोटात दुखण्याची होती.

म्हणून एवढं कराच. फार जात असेल तर आशाताईंना सांगा, हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासून घ्या. कुणी "पिशवी काढून टाका" म्हणालं, तर लगेच हो म्हणू नका. डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय आहे, जव्हारचं कुटीर रुग्णालय आहे. तिथे जाऊन दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. आणि घरातल्या मुलीला आजच विचारा, "तुला किती जातं गं?"