रक्षण कोणाचे?

ज्याच्यावर आपले प्रेम असते त्याला इजा होऊ नये असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ती टाळण्यासाठी त्याच्या वाटेत आडवे उभे राहण्याचा अधिकार त्या प्रेमातून आपोआप निष्पन्न होतो काय? मुलींच्या बाबतीत तर 'रक्षण' हा शब्द उच्चारला की वाद संपला, असेच आपण समजतो. या प्रश्नाचा विचार करताना एका मुष्टियोद्धीचे चरित्र आम्हांस उपयोगी वाटते. कारण तिच्या खेळात इजेचे भय काल्पनिक नसते, ठोसा खरोखरच तोंडावर बसतो.

मेरी कोम ही मणिपुरातील कांगाथेई गावच्या एका गरीब शेतकरी कुटुंबातील कन्या. १९९८ साली बँकॉकच्या एशियाई स्पर्धेत मणिपूरच्याच डिंको सिंगने मुष्टियुद्धाचे सुवर्णपदक जिंकले. त्याच्या यशाने भारावून ही मुलगी इंफाळला मुष्टियुद्ध शिकू लागली. मात्र घरी तिने ते कळू दिले नाही. २००० साली ती राज्यस्पर्धेत विजयी झाली, आणि वृत्तपत्रातील छायाचित्रावरून वडिलांना ती वार्ता समजली. त्यांना चिंता पडली ती ही, की चेहऱ्याला दुखापत झाली तर हिचा विवाह कसा व्हावा?

या पित्याला दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही. मुष्टियुद्धात मस्तकावर आघात करणे नियमास धरून असते, आणि वारंवार होणाऱ्या अशा आघातांनी मेंदूस अपाय होतो, हे वैद्यकशास्त्र सांगते. पित्याने चिंता करू नये तर कोणी करावी? परंतु येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. मेंदूची चिंता ही त्या मुलीची चिंता आहे. विवाहाच्या दृष्टीने चेहऱ्याची चिंता ही अद्याप न भेटलेल्या एखाद्या वराची आहे. पहिलीत तिचे रक्षण आहे. दुसरीत तिला कोणाची तरी ठेव मानून ती अभंग राखण्याचा विचार आहे. शिवाय मेंदू तर डिंको सिंगलाही होता; त्याने सोसलेल्या ठोशांचे आपण पराक्रम म्हणून कौतुक केले. जो धोका मुलाला भूषण ठरतो तोच मुलीला निषिद्ध ठरत असेल, तर आपली भीती धोक्याची नव्हे, हे उघड आहे.

जे एका घरात घडले तेच जगाच्या क्रीडाव्यवहारातही घडले. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे मुष्टियुद्ध केवळ प्रदर्शन म्हणून दाखविण्यात आले. पदकासाठी लढण्यास त्यांना २०१२ साल उजाडावे लागले. आणि त्या वर्षी लंडनला पुरुषांसाठी दहा वजनगट असताना स्त्रियांसाठी तीनच ठेवले गेले. त्यांतील सर्वांत हलका ५१ किलोंचा. मेरी कोमने तोपर्यंतची पाच जागतिक अजिंक्यपदे ४५ ते ४८ किलोंच्या गटांत मिळविली होती. त्यांपैकी २००८ चे तर जुळ्या मुलांची माता झाल्यावर. तिला स्वतःहून थोर देहाच्या प्रतिस्पर्धिनींशी लढावे लागले, आणि तरीही तिने कांस्यपदक आणले.

येथेच आम्हांस या साऱ्या प्रकरणाचे मर्म दिसते. वजनगट हेच मुष्टियुद्धातील खरे रक्षण होय. दुबळ्यावर बळकटाने हात टाकू नये, म्हणूनच ते निर्माण झाले. स्त्रीच्या देहाची काळजी म्हणून शतकभर जे दार बंद राहिले, ते उघडताना नेमके हेच रक्षण अपुरे दिले गेले. नाइलाजाने दिलेली अर्धी अनुमती कधीकधी मनाईपेक्षाही अधिक घातक असते, ती अशी. पुढे हे अंतर कमी झाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे सात आणि स्त्रियांचे सहा गट होते.

परप्रांती नोकरी करणाऱ्या आपणां मंडळींस हा विषय दूरचा वाटू नये. बदलीच्या गावी आपली कन्या कोठे एकटी जाईल, कोणत्या वसतिगृहात राहील, कोणता व्यवसाय पत्करील, याचे निर्णय आपणच करतो, आणि कचेरीत 'लोकहितास्तव' असा शेरा मारावा तसा 'तुझ्याच हितासाठी' असा शेरा त्यांवर मारतो. ज्याच्या हिताचा प्रश्न असतो त्याचे म्हणणे त्या फायलीत बहुधा नसते.

मग वडीलधाऱ्यांनी करावे तरी काय? गप्प बसावे, असे आम्ही म्हणत नाही. धोका काय आहे तो स्पष्ट सांगावा, चांगला शिक्षक शोधून द्यावा, नियम कडक असावेत म्हणून भांडावे, आणि सामना चालू असताना जवळ असावे. मेरी कोमच्या वडिलांचा विरोध पुढे मावळला. २०१८ साली दिल्लीत तिने सहावे जागतिक अजिंक्यपद जिंकले. परंतु ती एकही पदक न मिळविता परतली असती, तरीही रिंगणात उतरावे की नाही हे ठरविण्याचा अधिकार तिचाच होता, असे आमचे मत आहे.