आपल्या जबाबदारीवर

मार्चमध्ये कोल्हापूरहून भावजयीने दोन पानांचा एक इंग्रजी फॉर्म पाठवला. माझा भाचा दहा वर्षांचा आहे आणि त्याला कार्टिंग शिकायचं आहे. "ताई, तुम्ही भाषांतरं करता ना? हे नीट मराठीत करून द्या, मग मी सही करते." एरवी मी कादंबऱ्यांमध्ये अडते, त्या दिवशी फॉर्मातल्या एका ओळीपाशी अडले. मुलगा ट्रॅकवर जे करील ते 'आपल्या जबाबदारीवर' करील, असं तिचं सरळ मराठी होत होतं. इंग्रजीत घोळ नव्हता, तिथे फक्त मुलगा होता. मराठीत 'आपल्या' म्हणजे त्याच्या स्वतःच्या, किंवा वाचणाऱ्या तुमच्या, किंवा तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या.

बाकीचा फॉर्म मला आवडला, हे कबूल करते. हेल्मेट, मानेभोवती कॉलर, बरगड्यांसाठी कवच, सूट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट. लहान मुलांच्या हेल्मेटसाठी २००७ पासून वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आहे. कोवळ्या मानेला मोठ्यांच्या हेल्मेटचं वजन झेपत नाही, म्हणून ते हलकं असावं लागतं. पट्टा मात्र यादीत नव्हता. मला वाटलं, राहिला असेल. तर तसं नाही. कार्टला वर पिंजरा नसतो. ते उलटलं तर बांधलेला मुलगा त्याखाली सापडेल, त्यापेक्षा तो बाहेर फेकला गेलेला बरा. अमेरिकेत मातीच्या छोट्या ट्रॅकवर मुलं पिंजऱ्याच्या गाड्याही पळवतात, त्यांत पट्टे असतात.

मग गट. मायक्रो, ज्युनियर, सीनियर. रोटॅक्सचं इंजिन लहानांना आणि मोठ्यांना १२५ सीसीचंच असतं, फक्त लहानांच्या इंजिनाला मोकळा श्वास घेऊ देत नाहीत. अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकवर त्यासाठी भोक पाडलेली एक चकती बसवतात. भोक लहान, हवा कमी, वेग कमी. वय वाढेल तसं भोक मोठं. शिवाय गाडी आणि चालक मिळून किमान वजन भरावं लागतं, म्हणून किडकिडीत मुलाच्या सीटला शिसं लावतात. मुलाला किती धोका पेलेल याचा इतका बारीक हिशेब आपण शाळेत करत नाही, घरातही नाही.

पण हिशेब करणारे मोठे आणि धोका मुलाचा, हे त्याने बदलत नाही. ५ ऑगस्ट २०२३ रोजी चेन्नईच्या ट्रॅकवर मोटारसायकलच्या शर्यतीत बंगळूरुचा एक मुलगा पडला आणि डोक्याला मार लागून गेला. तो तेरा वर्षांचा होता. मुंबईचा जेहान दारुवाला २०११ मध्ये फोर्स इंडियाच्या निवडचाचणीतून पुढे आला तेव्हा तोही जेमतेम तेराचा होता. पुढे २०२० साली त्याने फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. जोएल फाइनबर्ग या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८० साली मांडलं होतं की मुलाला खुल्या भविष्याचा हक्क असतो, पालकांनी त्याची दारं आधीच लावू नयेत. एम.ए.च्या वर्गात हे वाचलं तेव्हा पटलं होतं. आता वाटतं, 'नाही' म्हटल्यानेही दार लागतंच की. अठराव्या वर्षी त्याला विचारून सुरुवात करू म्हटलं, तर तोवर बरोबरीची मुलं दहा वर्षं पुढे गेलेली असतात.

मी मुनिरक्यात राहते. सकाळी खिडकीतून दिसतं: एका स्कूटरवर पुढे उभं एक पोर, मागे दोन, हेल्मेट फक्त बापाला. फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलालाही हेल्मेट आणि बांधायचा पट्टा लागतो, वेग ताशी ४० च्या आत. कुठल्याच बापाने यावर सही केलेली नाही, आणि कोणी त्याला क्रूरही म्हणत नाही. सवयीचा धोका आपल्याला धोका वाटत नाही. दहीहंडीत वरच्या थरावरच्या पोराचं वय किती असावं, यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १८ म्हटलं, २०१७ मध्ये १४ झालं. त्या तीन वर्षांत पोरांची हाडं काही घट्ट झाली नव्हती.

माझं मत असं की दहा वर्षांच्या मुलाची 'आपली' जबाबदारी असूच शकत नाही. त्याला हौस असते, कधी धैर्यही असतं. पण काय गमावतो आहोत हे माहीत असल्याशिवाय जोखीम कसली? आणि त्याची आई सही करते तेव्हा ती त्याच्या जागी बसत नाही, कठड्याबाहेरच उभी असते. म्हणून मी लिहिलं, 'पालकांच्या जबाबदारीवर'. भाषांतर म्हणून हे चूक आहे. नवख्या अनुवादकाने केलं असतं तर मी लाल रेघ मारली असती. भावजयीला तसं सांगितलंही, आणि मूळ अर्थ खाली वेगळा लिहून दिला.

तिने दोन्ही वाचलं. म्हणाली, "आमची आहेच हो. पण मग ट्रॅकवाल्यांची कुठली?"

रविवारी ती भाच्याला घेऊन नुसतं बघायला गेली. अँब्युलन्स कुठे उभी असते, डॉक्टर रोज असतो की फक्त शर्यतीला, गाड्यांचे ब्रेक कोण तपासतं, हे विचारून आली. दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली. फॉर्म अजून फ्रिजवर चुंबकाखाली आहे आणि भाचा माझ्याशी बोलत नाही.